नदीतला शॉट

गार नदीत उडी घ्यायला नायिकेने नकार दिला, तेव्हा तिचा पोशाख चढवून थेल्मा काठावर उभी राहिली. मूळ कादंबरीतली प्रेयसी शेवटी नदीत जीव देते, आणि तिच्यावर बेतलेल्या हॉलिवूडच्या या मूकपटातही तेच दाखवायचं होतं. कॅमेऱ्याचं हँडल फिरवायला थेल्माचा नवरा होता, ऑस्कर.

तिने उडी घेतली. प्रवाहाने तिला ठरल्या जागेपासून लांब ओढलं आणि ती खरोखरच बुडू लागली.

"ऑस्कर!" तिने हाक मारली.

"फिरवत राहा!" दिग्दर्शक ओरडला. ऑस्कर हँडल फिरवत राहिला. शेवटी नायकाचं काम करणाऱ्या नटाने पाण्यात झेप घेऊन तिला बाहेर काढलं.

तंबूत ऑस्करने तिच्या अंगावर ब्लँकेट घातलं. "मी थांबलो असतो तर शॉट वाया गेला असता. तुलाच परत उडी मारावी लागली असती गं."

थेल्माचे दात वाजत होते. "तुला पोहता येतं ना?"

"येतं."

तिने मान हलवली आणि खांद्यावरचा त्याचा हात हळूच बाजूला केला.

संध्याकाळी ती युनिटच्या गाडीने एकटीच शहरात गेली. पुढे तो शॉट बघायला लोकांनी रांगा लावल्या आणि ऑस्करला मोठमोठी कामं मिळाली. थेल्मा मात्र त्याच्या घरी परतली नाही.