'सोबत'मधली उणीव

वसुधा कर्णिक वर्तमानपत्रात व्हिडिओ गेमची परीक्षणं लिहायची. 'सोबत' या गेमच्या नव्या आवृत्तीवर तिने भरभरून लिहिलं. खेळणाऱ्याच्या आठवणी वाचून हा गेम त्याला हवं ते माणूस शेजारी आणून बसवायचा. वसुधाशेजारी तिचा दादा श्रीरंग येऊन बसायचा. बारा वर्षांचा, गुडघा खरचटलेला, अगदी तसाच हसणारा.

"कौतुक पुरे, उणिवाही लिहा," संपादकांनी कळवलं.

वसुधा पुन्हा खेळायला बसली. दादाने तिला जिंकू दिलं. तिने मुद्दाम चिडवलं, रडीचा डावही खेळून पाहिला, तरी तो नुसता हसला. खरा दादा हरला की तणतणत उठून जायचा, दिवसभर अबोला धरायचा आणि रात्री आपल्या ताटातला लाडू गुपचूप तिच्या ताटात सरकवायचा. हा रुसतच नव्हता.

अकोल्याच्या दादाला आपण दीड वर्षात फोन केलेला नाही, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. गेम घरात आल्यापासून तशी गरजच वाटली नव्हती. तिने घाईघाईने नंबर लावला.

"दादा, वसू बोलतेय. किती दिवसांनी बोलतोय रे आपण!"

"दिवसांनी?" श्रीरंग म्हणाला. "अगं, तासाभरापूर्वीच तर गप्पा मारल्या आपण."

"ती मी नव्हते, दादा."

"माहीत आहे गं," तो हळूच म्हणाला. "पण तू कुठे येत होतीस?"