एकटीची शिकवणी

“एकटीला नाही शिकवणार मी,” आनंदीबाई म्हणाल्या. “सगळ्यांबरोबर बसते तशी बसू दे.”

प्रियांका पायरीवरच उभी होती. शिरोड्याच्या बाजारात मासळीची पाटी रिकामी करून ती तशीच इकडे चालत आली होती.

“बाई, अक्षयाक तुमच्याकडे तीन वर्सां झाली. आठवड्यात एकच दिस तिका येगळा शिकवा. तुमी सांगशात त्या येळेक धाडतंय.”

आनंदीबाई तिच्या तोंडाकडे एकटक बघत होत्या. कोणी बोलत असलं की त्या अशाच बघत. प्रियांकाला त्यात तोरा दिसे. फाटकातून हाक मारली तर वळूनही बघत नसत.

“अक्षयाची जागा वर्गातच आहे,” त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

शाळेतून निवृत्त झाल्यावर आनंदीबाई घरच्या पडवीत मुलांना गाणं शिकवू लागल्या होत्या. शनिवार-रविवार सकाळी डझनभर मुलं यायची. मासळीवाल्यांच्या घरातली अक्षया एकटीच. दहा वर्षांची. घरी ती भांडी घासताना गायची तेव्हा शेजारची गंगूआजी कुंपणाशी येऊन उभी राहायची. वडील, यतीन, समुद्रात गेले की मोबाइलवर लेकीचं गाणं लावून बोटीवरच्या सगळ्यांना ऐकवायचे.

वर्गात मात्र ती कधी गात नाही, हे प्रियांकाला तन्वीच्या आईकडून कळलं. तन्वी डॉक्टरांची मुलगी. तालुक्याच्या स्पर्धेसाठी आनंदीबाईंनी तिचंच नाव दिलं होतं.

त्या रविवारी प्रियांका पाटी घरीच ठेवून वर्गाला गेली आणि पडवीबाहेर माडाच्या आडोशाला उभी राहिली. मुलं एकेक करून उठत होती, गात होती. आनंदीबाई मधेच पेटी थांबवत, “पुन्हा” म्हणत, चूक दुरुस्त करत. अक्षया त्यांच्या अगदी समोर बसली होती, हाताच्या अंतरावर. गप्प. मधूनच तेवढी तिची भुवई हलायची. सगळ्यांना गायला मिळालं, तन्वीला तर दोनदा. अक्षयाला एकदाही नाही. आणि तासभर बाईंची नजर काही तिच्यावरून हलली नाही. गाणारा एकीकडे, बाईंचे डोळे अक्षयावर. पोर काहीतरी उचलून नेईल अशा धास्तीनं बघावं, तसे.

वर्ग सुटला. मुलांना न्यायला आईवडील आले होते. प्रियांका सगळ्यांच्या मधून पडवीत चढली.

“बाई, माज्या चेडवाक म्होरे कित्याक बसयतास? राखण करूक?”

मुलांच्या माना वळलेल्या बघून आनंदीबाई दचकून वळल्या.

“सगळ्यांची पोरां गातत. माजा गप्प बसता. आमी मासळी इकतो, म्हणान आमच्या तोंडातला गाणा तुमका बाटता?”

आनंदीबाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

“तसं काही नाही हो,” त्या म्हणाल्या. “पण अक्षयाला काढू नका. तिला काढलंत तर माझा वर्ग चालणार नाही.”

मागे कोणीतरी हसलं. प्रियांकाने लेकीचा दंड धरला आणि ती पायऱ्या उतरली. अक्षया मागे वळून बघत होती. आईला वाटलं, पोरीला लाज वाटली.

गावात बोभाटा झाला. कोणी तोंडावर म्हणालं, कोणी पाठीमागे, पण बाई जात बघून शिकवतात असं सगळेच धरून चालले. पुढच्या महिन्यात स्पर्धेत तन्वी अशी बेसूर गायली की परीक्षकांनी माना खाली घातल्या. डॉक्टरांनी तिला वर्गातून काढलं. मग बाकीच्यांनी. दिवाळीनंतर पेटी कोणाला तरी देऊन टाकून आनंदीबाई कसालला पुतण्याकडे राहायला गेल्या. जाताना त्यांना बसथांब्यापर्यंत सोडायला कोणी आलं नाही.

अक्षयाला प्रियांकाने सावंतवाडीला विनीत सरांकडे घातलं. एकटीची शिकवणी. दर रविवारी मायलेकी एसटीने जायच्या. सर शांत माणूस. चार महिने त्यांनी तिला नुसतं सा लावायला दिला. मग एक दिवस प्रियांकाला आत बोलावलं.

“असा कान मी दुसऱ्या मुलात बघितला नाही,” ते म्हणाले. “कणभर सूर हलला तरी हिला कळतं. पण गळा अगदीच बांधलेला आहे. हिला गाऊच दिलं नाही का कोणी?”

परतीच्या एसटीत प्रियांका बराच वेळ तेच बोलत होती. शिरोडा जवळ आलं, आनंदीबाईंचं घर दिसलं. दाराला कुलूप होतं.

“ह्या बायेन तुजी तीन वर्सां खाल्ल्यान,” प्रियांका म्हणाली. “बरा झाला. भोगल्यान.”

अक्षया खिडकीकडे तोंड करून बसली होती.

“तसा बोला नको गो, आये.”

“कित्याक? तुका एकदा तरी गाऊक दिल्यान?”

“माका गाऊक लावल्यार तेनी कोणाच्या तोंडार बघूचा?”

“म्हणजे?”

“कोण चुकलो काय मी भुवई उचलायचंय. तसा तेंका कळायचा. कोणाक सांगूचा नाय म्हणान तेनी माका शपथ घातलेली.”

प्रियांकाने तिचा खांदा धरून तिला आपल्याकडे वळवलं. “काय सांगूचा नाय?”

“तेंका ऐकाक येणा नाय,” अक्षया म्हणाली.