आजची तारीख
काकांच्या मुलीचा कॉम्प्युटर काही केल्या चालू होईना. दुरुस्तीवाल्याने सॉकेट तपासलं, वायर बदलली, पॉवर सप्लायही शाबूत निघाला. तो अगदी टेकीला आला. शेवटी आतला बटणाएवढा सेल बदलला, तेव्हा कुठे पंखा घरघरला.

"वापर नसला की सेल बसतो, काका. मुलीला सांगा, अधूनमधून चालू करत जा म्हणावं."

काकांनी नुसती मान डोलावली.

स्क्रीनवर तारीख उमटली, नऊ वर्षांपूर्वीची.

"सेल गेला की घड्याळ असं मागे जातं. थांबा, आजची तारीख टाकतो."

काकांनी झटकन त्याचा हात धरला.

"राहू दे. या तारखेला ती जायला अजून चार वर्षं आहेत."