दगडोबाची माय

"बॅगा द्या इकडं," म्हणत शेषेरावांनी दोन्ही बॅगा जवळजवळ हिसकावल्याच. बस धूळ उडवत निघून गेली होती आणि किल्लारी पाटीच्या थांब्यावर ते गोरं जोडपं एकमेकांच्या तोंडाकडं बघत उभं होतं. बाईनं मोबाइल पुढं केला, तो तसाच हातात राहिला. बॅगा जीपमध्ये चढल्यावर दोघांनाही मागोमाग चढावंच लागलं. पाहुण्याच्या हातात ओझं दिसणं शेषेरावांच्या घराण्यात कुणाला कधी खपलं नव्हतं.

"आले बाबा एकदाचे दगडोबाचे मायबाप," ते जीप चालवणाऱ्या मुलाला, भागवतला म्हणाले. "मला वाटलं, चुकतेत का काय!"

दगडोबा म्हणजे दिएगो. स्पेनहून वर्षभरासाठी आलेला स्वयंसेवक. गावातल्या शाळेत मुलींना फुटबॉल शिकवायचा आणि शेषेरावांच्या घरी राहायचा. त्याचं नाव काही शेषेरावांच्या बायकोच्या, चतुराबाईंच्या तोंडात बसेना, म्हणून त्यांनी पहिल्याच आठवड्यात त्याचं दुसरं बारसं उरकून टाकलं होतं. आज सामने होते, म्हणून तो पोरींना घेऊन नांदेडला गेला होता. जाताना बजावून गेला होता, की बाबा हट्टी आहेत, बसनंच येतील. दुपारी पाटीवर त्यांना उतरवून घ्या. दोघांना इंग्रजी येत नाही, खुणांनी बोला.

आणखी एक गोष्ट तो फक्त चतुराबाईंपाशी बोलला होता. पुढच्या महिन्यात त्याचं वर्ष संपत होतं. त्याला अजून वर्षभर राहायचं होतं, पण तिकडं आईचा जीव टांगणीला लागलेला. "आई हो म्हणाली तरच राहीन, मावशी."

तेव्हापासून चतुराबाईंनी पदर खोचला होता. पोरगं जाणार या विचारानं त्यांच्या घशाखाली घास उतरत नव्हता, आणि हे त्या गल्लीभर सांगत फिरत होत्या. दगडोबाच्या आईचं मन आज काहीही करून जिंकायचं होतं.

"डोकं सांभाळा!" पाहुणे दारात आले तशा त्या ओरडल्या. त्या चौकटीनं दगडोबाचं कपाळ कितीदा तरी शेकून काढलं होतं. पाहुणे मात्र ताठ मानेनं आत आले.

शेषेरावांनी आपला फोन बंद करून कोनाड्यात ठेवला आणि भागवतलाही ठेवायला लावला. "पाव्हणे समोर अन् आपण फोनवर, शोभतंय का?"

मग पंगत बसली. धपाटे, दही, शेंगाची चटणी, आणि वर पुरणपोळी. पाहुणा काही बोलायला तोंड उघडी, की ताटात पोळी पडे. तो हातानं ताट झाकी, तर चतुराबाई बोटांच्या फटीतून तूप वाढत. शेवटी त्यानं बोलायचा नाद सोडला आणि मन लावून जेवू लागला. त्याच्या बायकोनं मोबाइलवर एक फोटो उघडून दाखवला आणि बाहेर बोट केलं.

"ही खरोश्याची लेणी की!" भागवत म्हणाला.

"दाव म्हनं दुपारून," चतुराबाई म्हणाल्या. "आधी भात वाढू दे मला."

जेवण झाल्यावर त्यांनी भिंतीवरचा दगडोबाचा फोटो काढून पाहुणीच्या हातात दिला. तिनं तो बघितला, हसून मान हलवली आणि परत दिला.

"एवढंच?" चतुराबाई आत येऊन नवऱ्याच्या कानाशी लागल्या. "लेकरू वर्षभर नजरंआड हाय, अन् एवढंच?"

"शिणली असंल बिचारी. विमानात बसून आलीय, चेष्टा हाय का!"

भागवतनं दोघांना लेणी दाखवून आणली, तेव्हा मात्र ती दोघं अगदी खुलली होती. पाहुण्यानं गूळ घातलेला चहा दोन कप घेतला आणि शेषेरावांच्या पाठीवर थाप मारली. शेषेरावांनी त्याला फेटा बांधला. चतुराबाईंनी पेटीतलं इरकल लुगडं काढून पाहुणीला नेसवलं. लेकीसाठी जपून ठेवलेलं होतं ते, पण आज त्यांना त्याचं काही वाटलं नाही.

आता बोलायलाच हवं होतं. त्यांनी पाहुणीला बाजेवर बसवलं आणि फोटो आपल्या छातीशी धरला. मग बोटानं जमीन दाखवली आणि एक बोट वर केलं.

"एकच वर्स, बाई. फकस्त एक. मी उपाशी ठेवायची न्हाई त्याला. तुमच्याइतकाच जीव हाय माझा त्याच्यावर." बोलता बोलता त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

पाहुणीचेही डोळे भरले. तिनं फोटोकडं बघितलं, चतुराबाईंकडं बघितलं, आणि त्यांना गच्च मिठी मारली. मग जोरजोरात मान हलवली. हो, हो, हो.

"आवो! हो म्हनली!" चतुराबाई अंगणात धावल्या. "भागवत, पेढे आन! रेणुका, ऐकलंस का, आपला दगडोबा राहतोय!"

शेजारची रेणुका पिठाच्या हातांनीच आली. पाठोपाठ अर्धी गल्ली आली. पेढ्यांचा पुडा फुटला, फेटा बांधलेल्या पाहुण्यानं सगळ्यांना हात जोडले, आणि तेवढ्यात पोरींचा टेम्पो हॉर्न वाजवत दारात येऊन थांबला.

दगडोबानं उडी मारली. "मावशी, जिंकलो! आणि काकांचा फोन का बंद? किती फोन केले!" त्याच्यामागून दोन माणसं खाली उतरली, दोघंही त्याच्यासारखीच ताडमाड उंच. "बाबांना सामना बघायचा होता, म्हणून दोघं परस्पर नांदेडलाच आले. ही माझी आई."

त्याच्या आईनं हसून हात जोडले. मग तिची नजर बाजेकडं गेली. तिथं इरकल नेसलेली एक बाई तिच्या लेकाचा फोटो मांडीवर घेऊन पेढा खात होती.

दगडोबा वाकून दारातून आत डोकावला.

"मावशी," त्यानं हळूच विचारलं, "हे पाव्हणे कोन हाईत?"