एक खूण जास्त

"सिस्टर, तुम्ही खोटं बोलताय, असं चाचणी म्हणतेय," मानसतज्ज्ञ म्हणाला आणि लगेच घाईघाईने त्याने पुस्ती जोडली, "मी नाही म्हणत हं. चाचणी."

डायलिसिसच्या सिस्टरनी मांडीवरची पर्स टेबलावर ठेवली. तीन दिवसांपूर्वी याच खोलीत बसून त्यांनी दोनशे चाळीस वाक्यांपुढे 'हो' किंवा 'नाही'च्या खुणा केल्या होत्या. डायलिसिस विभागाची इनचार्ज कोणाला करायचं, ते त्यावरून ठरणार होतं. निकाल सांगायला आज एक वाजता बोलावलं होतं. साहेब उगवले एक पंचवीसला. पार्किंग मिळेना म्हणे.

"कुठे बोलले मी खोटं?"

त्याने कागद फिरवून त्यांच्यापुढे सरकवला. तसा मुलगा भला होता. "बघा, यात दहा वाक्यं मुद्दाम पेरलेली असतात. माणूस स्वतःला आहे त्यापेक्षा चांगला दाखवतोय का, ते त्यांतून कळतं. साधारण माणूस तीन-चार ठिकाणी स्वतःला शाबासकी देतो. पाचपर्यंत आम्ही चालवून घेतो. तुमच्या सहा खुणा आहेत. सहा झाल्या की अख्खा अहवाल बाद."

"रागाच्या प्रश्नाला मी कुठे साळसूदपणा केलाय? राग येतो, असंच लिहिलंय. हेवा वाटतो, तेही लिहिलंय."

"तिथे तुम्ही सरळच आहात. पण हे बघा. 'मला कामावर जायला कधीही उशीर झालेला नाही.' यावर हो. एकदाही नाही?"

"एकोणीस वर्षांत नाही. लग्नाच्या दिवशी मी आधी येऊन बसले होते म्हणून नवरा अजून चिडवतो मला."

"आणि हे. 'सही करण्याआधी मी प्रत्येक कागद शेवटपर्यंत वाचते.' असं कोणी करत नाही हो."

"तुमच्या संमतीपत्राला तिसरं पानच नव्हतं. मी मागून घेतलं. आठवतंय?"

त्याला आठवत होतं. बाकीच्या अकरा जणांनी तिसऱ्या पानावाचूनच सह्या ठोकल्या होत्या. तो ओशाळून हसला.

सिस्टरना हसू आलं नाही. त्यांना वाईट वाटलं होतं, चांगलंच वाटलं होतं. त्यांना खुर्चीची हाव नव्हती. पण संध्याकाळच्या पाळीत मशीन लवकर मोकळं करायचं म्हणून पेशंटला चार तासांऐवजी सव्वातीन तासांतच उठवत होते. घरी गेल्यावर पेशंटना धाप लागायची, पाय सुजायचे. इनचार्ज झाल्याच्या पहिल्या दिवशी हे बंद करायचं, असं सिस्टरनी मनाशी पक्कं केलं होतं. या जागेसाठी दुसरी जी उमेदवार होती, तिला त्यात काही वावगं दिसत नव्हतं.

मानसतज्ज्ञाने कोरा कागद काढला. "एवढं मनावर घेऊ नका. नियमाप्रमाणे माझ्यासमोर एक पान पुन्हा भरता येतं. वीस मिनिटांचं काम. उशिराच्या वाक्यापुढे 'नाही' करा, बस. एक खूण कमी झाली की सगळं बसतंय. बाकीचा आलेख तर असा सुरेख आलाय की काय सांगू! समिती अडीचला बसतेय, मी स्वतः नेऊन देतो."

"म्हणजे खरी ठरायला मी खोटं लिहू?"

"माझा तुमच्यावर विश्वास आहे हो, सिस्टर. चाचणीचा नाहीये."

सिस्टरनी मनगटावर पाहिलं. दोनला अकरा कमी. दोन वाजता त्यांची पाळी सुरू व्हायची. त्यांनी पेन हातात घेतलं. पूर्ण चार तास, सगळ्यांना. एका खुणेचं तर काम. पेनचं टोक कागदावर टेकलं, थांबलं. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"सर, मी वीस मिनिटं इथे बसले तर मला आज उशीर होईल. मग 'नाही' लिहिलेलं आपोआप खरं ठरेल, तुमच्या चाचणीचंही समाधान होईल. पण खाली वॉर्डात एक आजोबा बाही वर करून बसलेत. माझ्याशिवाय ते कुणाला सुई टोचू देत नाहीत."

"पण मग अहवाल..."

"सहाच्या सहा राहू द्या. समितीला सांगा, बाईला विचारलं, बाईने बदललं नाही. आणि चार तासांचं मी त्यांच्याशी बोलणार आहे, इनचार्ज करा नाही तर करू नका. आठला सुटते. बोलावलं तर येईन." दारातून त्या वळल्या. "वेळेवर येईन."

लिफ्ट भरलेली होती. सिस्टर तीन मजले जिन्याने उतरल्या, हजेरीपुस्तकात सही केली. मनगटावर दोनला दोन कमी होते.

वॉर्डात नऊ मशीन ओळीने लागलेली. आजोबा बाही वर करून तयारच होते. शेजारच्या खाटेवरचा पेशंट नवा होता. त्याचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे होतं.

"दोन वाजून आठ झाले," तो कुरकुरला. "उशीर झाला की सिस्टरना."

सिस्टर बेसिनपाशी हात धूत होत्या.

आजोबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे पाहिलं.

"घड्याळ पुढे गेलंय," ते म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला.