तुरटीचा खडा

कौसल्या ऐन मे महिन्यात रामदासपेठेतल्या एका ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागली. शेजारच्या टेबलावरच्या गोपिकाबाई रोज तिच्या डब्यातली भाजी खायच्या आणि म्हणायच्या, "एवढ्या उन्हातही तू ताजीतवानी कशी वं?"

"दोनदा आंघोळ अन् रोज धुतलेलं पोलकं," कौसल्या हसून सांगायची.

दसऱ्याची सुटी संपली. "कुठं गेली होतीस वं?" गोपिकाबाईंनी विचारलं.

"दीक्षाभूमीले. आम्ही घरचे सारे दरवर्षी जातो."

दुसऱ्या दिवशी गोपिकाबाईंनी नाकाला पदर लावून तिच्या टेबलावर तुरटीचा खडा ठेवला. "काखेत लावत जा. वास येते."

कौसल्येनं तो खडा खिडकीबाहेर भिरकावला आणि सारं ऑफिस ऐकेल अशा आवाजात विचारलं,


"उन्हाळाभर वास नाही आला बाई, अन् काल दीक्षाभूमीचं नाव काढल्याबरोबर आला?"