बिननावाचा आवाज

साल एकोणीसशे नव्वद. धुळ्याच्या एका कॉलेजात बारावीला जाहिरात आणि विक्रीचा कोर्स नवाच निघाला होता. त्यातली मुलं गिरधरशेठच्या जाहिरातीच्या दुकानात शिकाऊ म्हणून जात. तिघे मुलगे रिक्षात बसून भोंग्यावर बोलायला शिकले. यशोदा पाट्या आणि भिंती रंगवायचे ब्रश धुवायला शिकली, जसं काही ब्रश धुण्याचाही कोर्स असतो. चहाही तीच करायची. प्रमाणपत्रावर सही गिरधरशेठची, म्हणून कुणी बोलायचं नाही.

तेव्हा रतिलाल व्यापाऱ्याचा काळा मसाला बाजारात नवा होता. "गृहिणींनो, आपल्या स्वयंपाकाची लज्जत वाढवा," असं गिरधरशेठच्या रिक्षाचा भोंगा ओरडायचा आणि बाया मानसुद्धा वर करत नसत. यशोदाने दोन जावांचं भांडण लिहिलं, घरच्या अहिराणीत. "काय वं जेठानी, आज भाजीले चवच नही!" अशी सुरुवात. गिरधरशेठ हसले. ही जाहिरात नव्हे, चुलीपुढची कटकट आहे, म्हणाले. सराव म्हणून टेपवर बोलून ठेव, असंही म्हणाले. ती दोन्ही जावा होऊन बोलली.

पुढच्या आठवड्यात तिच्याच गावच्या बाजारात रिक्षा आली आणि भोंग्यातून यशोदा बोलू लागली. बाया हसत गोळा झाल्या. शेवटी पुरुषी आवाज आला : लेखन आणि सादरीकरण, गिरधर पब्लिसिटी, धुळे.

तिचे वडील झुलालभाऊ तिथेच मिरच्या विकत बसले होते. गावातल्या प्रत्येक लग्नात माइकवर आहेर पुकारायचा तो त्यांनी. कुणी भांडं दिलं, कुणी लुगडं दिलं, सगळं नावानिशी. एकदा झुंबरबाई नावाच्या गरीब विधवेचा खण पुकारायचा राहिला, तर त्यांनी निघालेली वरात थांबवून तो पुकारला होता.

"झुलालभाऊ, आते आहेर तुनी आंडेरच पुकारी का?" शेजारच्या छगनने टोमणा मारला. पोरीचा आवाज साऱ्यांनीच ओळखला होता.

झुलालभाऊंनी मिरच्यांचं पोतं बांधलं. बाजार अर्ध्यावर टाकून ते घरी आले. आई सुंदरबाईने चाळीसगावच्या स्थळाला निरोप धाडला. कॉलेज संपलं, हे यशोदाला वेगळं सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने झुलालभाऊ तिला घेऊन दुकानात गेले. गिरधरशेठ त्यांना पाहूनच उठून उभे राहिले.

"भाऊ, रागावू नका. मुलीचं नाव कुठेच घेतलेलं नाही. तुमची अब्रू मी जपली."

"तेच इचाराले उनू," झुलालभाऊ म्हणाले. "लगीनमा खणना आहेर बी नाव लिसन पुकारतस. मेहनत मनी आंडेरनी, आनि नाव तुमनं?"

यशोदाने मान वर केली. बापाकडे ती अशी पहिल्यांदाच बघत होती.

गिरधरशेठचा सूर बदलला. नाव हवं असेल तर सही विसरा, म्हणाले. बाहेर रिक्षा तयार होती, बाजाराची वेळ होत आली होती. झुलालभाऊ रिक्षातली ती जाहिरातीची कॅसेट मांडीवर घेऊन उंबऱ्यातच बसले. तेवढ्यात यशोदाने पुढे होऊन कॅसेट उचलली, टेपमध्ये घातली, आणि रेकॉर्डिंगचं बटण दाबून शेवटच्या त्या पुरुषी आवाजावर स्वतःचं आणि गावाचं नाव सांगितलं. बाजार चुकू नये म्हणून गिरधरशेठना तीच कॅसेट वाजवावी लागली.

प्रशिक्षण अपूर्ण म्हणून त्या वर्षी ती नापास झाली. चाळीसगावच्यांनी बाजारात बोलणारी मुलगी नको, असं कळवलं. ते तिघे मुलगे पास झाले, त्यातला एकही पुढे या धंद्यात राहिला नाही. यशोदाने जळगावला पिंप्राळ्यात जाहिरातीचं स्वतःचं दुकान काढलं. झुलालभाऊ गेले, त्यानंतर छगनच्या मुलीच्या लग्नात आहेर पुकारला तो यशोदाने, आणि बोलवायला छगन स्वतः आला होता. बाया मात्र त्या कॅसेटच्या दिवसापासूनच किराणा दुकानात जाऊन 'यशोदाना मसाला' मागू लागल्या होत्या. शेवटी रतिलाल तिला विचारायला घरी आला आणि पुड्यावर तेच नाव छापू लागला. गिरधरशेठनी ती सही कधीच दिली नाही. पण धुळ्याच्या स्टँडसमोरच्या भिंतीवर 'यशोदा' ही हातभर उंच अक्षरं रंगवायचं काम रतिलालने त्यांनाच दिलं, आणि त्या दिवशी त्यांचे ब्रश धुवायला कुणी नव्हतं.